सरकारचा आहेर

ही हकिकत मी आजवर कुणाला सांगितली नाही. सांगायचे प्रसंग आले नाहीत असं नाही. निवृत्तीच्या निरोपाला आले, मुलाच्या सोयरिकीच्या वेळी आले, आणि मेहरूणच्या तलावावर रोज सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा चार म्हाताऱ्यांत तर ते दर आठवड्याला येतात. कुणी सरकारी अनुदानाचा विषय काढतो, कुणी माहितीच्या कायद्याचा. मी म्हणतो, चला, ऊन वाढलं. त्या तिघांना ठाऊक नाही की तो कायदा येण्याच्या कितीतरी आधी, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यात एका माणसाने तो स्वतःपुरता करून टाकला होता, आणि तो माणूस माझ्या ओळखीचा होता. ओळखीचा होता, एवढं मी छाती पुढे काढून सांगीन. त्याच्या पुढचं सांगायला मला वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली.

गावात त्यांना सगळे नाना म्हणत. मीही नानाच म्हणेन.

उंच, किडकिडीत माणूस. साठीच्या आसपास. बोलताना उजवी मूठ हनुवटीपाशी धरायची सवय, जणू हातात माईक आहे. ती सवय का होती ते कळायला मला एक लग्न पाहावं लागलं. नानांची शेती आठ एकर कोरडवाहू, पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते आहेर पुकारणारे म्हणून. आमच्याकडे लग्न लागलं की मांडवाच्या एका कडेला सतरंजीवर दोन माणसं बसतात. एक वही घेऊन लिहिणारा, दुसरा माईक घेऊन पुकारणारा. देणारा आपली नोट पुकारणाऱ्याच्या हातात ठेवतो. तो नाव, गाव, रक्कम मोठ्याने सांगतो, नोट ताटात टाकतो, आणि लिहिणारा लिहून घेतो. पुढे त्यांच्याकडे लग्न निघालं की ही वही उघडून तेवढा आहेर फेडायचा. दुपारभर शेकडो नोटा त्या एका हातातून जातात. म्हणून पुकारणारा आवाजाचा लागतो त्यापेक्षा हाताचा लागतो. पंधरा-वीस गावं हे काम डोळे मिटून नानांकडे देत. मोबदला म्हणाल तर वरण-बट्टीचं जेवण आणि एक नारळ.

या कामाने नानांना एक खोड लागली होती. ते सगळंच पुकारत.

शेजारच्या अक्काने भिंतीवरून ताक दिलं की नाना ते घरात नेण्याआधी गल्लीकडे तोंड करून सांगत, "अक्काकडतीन नानाले एक तांब्या ताक." अक्का आतून वैतागायची, "ताकनी हाई गत शे, तूप दिधं ते बठ्ठं गाव दारशी उभं ऱ्हाई." शिरपूरच्या बाजाराला जाणारी गाडी उशिरा आली की नाना पायरीवर उभे राहून म्हणत, "कंडक्टरभाऊकडतीन बठ्ठा लोकेसले पाऊन घंटा उशीर." कंडक्टर ओळखीचा झालेला. तो तिकिटं फाडता फाडता म्हणायचा, "लिखी ल्या नाना वहीमा, कव्हय तरी फेडसू."

लोक हसत. मीही हसे. पण नानांना त्यात गंमत वाटत नसे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "आयकाले वनं नही, ते भेटनं नही." जे चार माणसांना ऐकू आलं नाही ते मिळालंच नाही, असा त्यांचा हिशेब. आणि खरं सांगतो, त्या माणसाला कुणी आयुष्यात चोरून काही दिलं नाही. द्यायची सोयच नव्हती.

मी तिथे कृषी सहाय्यक होतो. घर जळगावला, बायको-मुलं मेहरूणमध्ये, आई अंथरुणाला खिळलेली, आणि मी धुळे जिल्ह्याच्या त्या टोकाला एका खोलीत. शनिवारी गाडी धरायची आणि सोमवारी परत यायचं. पहिल्यांदा नानांकडे गेलो तो जिवाणू खताची पाकिटं वाटायला. त्यातलं एक पाकीट, माझ्या वरच्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे, गावच्या सोसायटीच्या चेअरमनसाठी बाजूला काढलेलं होतं. पाकिटं कमी पडली आणि भिडेखातर ते मी नानांच्या हातात दिलं. नाना उठून दारात गेले. मूठ हनुवटीपाशी.

"सरकारकडतीन नानाले एक पुडकं. आत काय शे ते भाऊसाहेबले इचारा."

संध्याकाळी चेअरमनचा गडी माझ्या खोलीवर आला. "भाऊसाहेब, आमना पुडा कोठे शे?"

तेव्हाच मी या माणसापासून दूर राहायला हवं होतं, असं पुढे बरीच वर्षं मला वाटे. आज वाटत नाही.

नानांच्या शेतात रासायनिक खत पडत नसे. ते जुन्या विचाराचे होते किंवा जमिनीबद्दल त्यांचं काही तत्त्वज्ञान होतं, असं कुणी समजू नये. कारण विचारलं तर ते म्हणत की गोणीवर कारखान्याचं नाव असतं, पण आत कोणाचं काय आहे ते लिहिलेलं नसतं. त्यांच्या खताचा मात्र कण न् कण त्यांना नावानिशी ठाऊक होता. बांधाच्या आंब्याखाली लांबच लांब उकिरडा रचलेला. पाचोळा, शेण, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा चुरा, थरावर थर, वर मातीचा लेप. गावातल्या ज्याला शेण ठेवायला जागा नसे तो त्यांच्या गाडीत टाकी. आणि पीक दाखवताना नाना मला घेऊन ओळीओळीने चालत.

"हाई तूर चेअरमनन्या म्हशीसकडतीन. हाऊ कापूस पाडावरन्या बकऱ्यासकडतीन. आनि हाई ज्वारी..." इथे ते थांबून आठवत. "हाई मनाच बैलेसकडतीन."

ती ज्वारी मला अजून डोळ्यांपुढे दिसते. नोकरीत हजारो एकर पाहिले, प्रात्यक्षिकाचे प्लॉट पाहिले, तसलं कणीस नाही पाहिलं.

नव्वदीच्या दशकात सेंद्रिय खताला अनुदान देणारी योजना आमच्याकडे आली. विटांची पक्की टाकी बांधायची, वर शेड घालायचं, आत गांडुळं सोडायची, आणि सरकारने त्याचे पैसे द्यायचे. मला वाटलं, ही योजना नानांसाठीच जन्माला आली. अर्ज घेऊन त्यांच्या शेतावर गेलो. पण छापील मापात बसेल अशी टाकी त्यांच्याकडे नव्हती, आणि आंब्याखालचा एवढा मोठा उकिरडा कोणत्याच रकान्यात जात नव्हता. मी कागद उलटसुलट करत होतो. नाना शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मना उकिरडाले भिंत नही. म्हनीसन सरकारले तो दिसत नही."

मग त्यांनी विचारलं, ज्यांच्या टाक्या सरकारला दिसतात त्यांची नावं कोणती?

नावं मला माहीत होती, कारण ती माझ्यासमोर टाइप झाली होती. साहेबांनी नावं तयारच आणली होती. पहिलं नाव चेअरमनचं, दोन टाक्या. मग त्यांच्या भाऊबंदांची. आणि खाली मोठी रांग डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांवरच्या माणसांची, ज्यांनी पक्की वीट बाजारातच पाहिली असेल. प्रत्येक नावापुढे टाकीची लांबी, रुंदी, खोली, आणि 'प्रत्यक्ष पाहणी केली' या ओळीखाली माझी सही. मी एकाही जागी गेलो नाही. दोन दिवस खोलीत बसून सह्या केल्या. मला एक पैसा मिळाला नाही, हे मी स्वतःला फार वर्षं सांगत आलो, जणू त्याने काही फरक पडतो. मला जळगावला बदली हवी होती आणि ती साहेबांच्या हातात होती. त्या टाक्यांचे पैसे त्यांच्या-त्यांच्या नावाने निघाले. अंगठे कोणी लावले ते मी विचारलं नाही.

नाना दर सोमवारी कार्यालयात येऊ लागले. बाकावर बसायचे. साहेब मोकळे झाले की आत जाऊन एकच मागणं. यादी वाचून दाखवा.

साहेब म्हणायचे, "नाना, ती गोपनीय असते."

"सरकारनी दिधं, लोकेसनी लिधं. मंग लपाडनं कोनापाईन?"

"तुम्हाला काय करायचंय? तुमचा अर्ज तरी आहे का?"

"मना अर्ज नही. मना कान शेत."

साहेब हसून फाईल उघडत आणि नाना बाहेर येत. आवारातल्या निंबाखाली उभे राहून, माईक धरल्यासारखी मूठ करून जाहीर करत, "साहेबकडतीन नानाले, आज बी काहीच नही." तीन महिन्यांत एक सोमवार त्यांनी चुकवला नाही. शेवटी शेवटी तर आमचे कारकून चहा सोडून खिडकीशी यायचे, आणि शिपाई आतून ओरडायचा, "नाना, आज काय भेटनं?"

यादीच्या तीन प्रती निघाल्या होत्या. तिसरी, कार्बनची, माझ्या बॅगेत होती.

फाल्गुनात मी बियाण्यांच्या कामासाठी एका पाड्यावर गेलो. उतारावर एक झोपडी, पुढे मोहाची फुलं वाळत घातलेली. आतून म्हातारा आला, पाणी दिलं, मोहाची मूठभर फुलं माझ्या रुमालात बांधून दिली. मी नोंदीसाठी नाव विचारलं. त्याने सांगितलं आणि माझ्या हातातलं पेन थांबलं. त्या नावापुढे मी टाकी मोजली होती. त्याच्याकडे एक बकरी होती आणि ती बांधायला धड खुंटाही नव्हता.

परतताना मी सरळ नानांच्या शेतावर गेलो. बॅगेतून तिसरी प्रत काढली आणि त्यांच्या हातात दिली. ती जागा, ती वेळ, माझा हात, सगळं मला स्पष्ट आठवतं. कागद मी दिला. कुणी मागून घेतला नाही, कुणी काढून घेतला नाही. मी दिला.

"नाना, माझं नाव सांगू नका."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नातही एखादा देणारा म्हणतो, माझं नाव नको. तेव्हा पुकारणारा नुसतं 'एक हितचिंतक' म्हणतो आणि पुढे जातो.

"गुप्त?" त्यांनी विचारलं.

"गुप्त," मी म्हणालो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे चेअरमनच्या मुलीचं लग्न निघालं. मांडव एवढा की शाळेचं मैदान पुरलं नाही. मीही होतो, साहेब पुढच्या खुर्चीवर. लग्न लागलं, पंगती बसू लागल्या, आणि नाना सतरंजीवर माईक घेऊन बसले. मामाचे एकावन्न, आत्याचं पातेलं, दूधवाल्याचे अकरा. त्यांचा आवाज एका लयीत चालायचा, त्यात लहानमोठं नसायचं. एकावन्नलाही तोच सूर, अकरालाही तोच. त्याच सुरात ते म्हणाले,

"सरकारकडतीन चेअरमनसाहेबले, सेंद्रिय खतन्या दोन टाक्या, शेडसकट, गांडूळसकट."

आणि पुढचं नाव घेतलं.

मांडवात थोडं हसू पिकलं. नानांची खोड सगळ्यांना माहीत. पण लिहिणाऱ्याचा हात सवयीचा. नाव पुकारलं की तो लिहितो. त्याने लिहिलं. वधूपित्याच्या स्वतःच्या वहीत, दूधवाल्याच्या खाली, सरकारच्या दोन टाक्या नोंदल्या गेल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बट्टी फोडत राहिलो.

एवढ्यावरही ते निभावलं असतं. एका विक्षिप्त म्हाताऱ्याची थट्टा म्हणून विरून गेलं असतं. पण चेअरमनच्या आई होत्या. गाव त्यांना मोठी माय म्हणे. घरातला प्रत्येक आहेर वहीशी ताडून पाहायचा हा त्यांचा पन्नास वर्षांचा शिरस्ता. चेअरमन मुलीच्या सासरी गेलेले असताना मोठ्या मायने नातवाकडून वही वाचून घेतली. पातेली जुळली, साड्या जुळल्या, नोटा जुळल्या. टाक्या जुळेनात.

तिसऱ्या दिवशी आमच्या कार्यालयापुढे बैलगाडी उभी राहिली. मोठी माय खाली उतरल्या, मागे दोन गडी, दोर घेऊन. साहेब दौऱ्यावर होते. टेबलाशी मी.

"मन्या टाक्या लेवाले वनू मी."

मी म्हणालो, "मोठी माय, तशा नसतात त्या. टाक्या बांधायच्या असतात, उचलून न्यायच्या नसतात."

"बरं." त्यांनी गड्यांना दोर ठेवायला सांगितलं. "मंग बांधेल कोठे शेत? माले दखाडी द्या."

"तुमच्या शेतातच आहेत."

"भाऊ, त्या वावरमा मी लगीन व्हईसन वनू तव्हयपाईन जास. वावर आमनं, नि टाकी आमले दिसत नही?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागलो. कारकून माना खाली घालून बसले होते. मोठी माय रागावल्या नव्हत्या. पुकारलेला आहेर पोचला नाही तर विचारायला जायचं, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि आपल्या मुलाने काही केलं असेल असं त्यांच्या मनातही नव्हतं. जाताना त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "वहीमा लिखेल शे. सरकार खोटं करी का?"

त्या हंगामात नानांनी जिथे जिथे आहेर पुकारला तिथे तिथे यादीतलं एकेक नाव घेतलं. कोणावर आरोप नाही, एक वाकडा शब्द नाही. सरकारकडून अमक्याला एक टाकी. सरकारकडून तमक्याला एक टाकी. लग्नाला पाड्यांवरून मजुरीसाठी, मांडव घालायला, पाणी भरायला माणसं येत. ती आपली नावं ऐकत आणि वर घेऊन जात.

मग एका सोमवारी आम्ही कार्यालय उघडलं तर आवार भरलेलं. पाड्यांवरची माणसं पहाटेच निघून पायी आली होती. बायकांच्या डोक्यावर टोपल्या होत्या, गांडुळं नेण्यासाठी. टोपलीच्या तळाशी ओला पाला घातलेला, जीव मरू नये म्हणून. फुलं देणारा म्हातारा पुढेच बसला होता. कुणी घोषणा दिली नाही, कुणी आवाज चढवला नाही. ते भांडायला आले नव्हते, आपल्या नावाचा आहेर घ्यायला आले होते. संध्याकाळपर्यंत बसून राहिले. मी नोकरीत मोर्चे पाहिले, उपोषणं पाहिली. त्या ओल्या पाल्याच्या टोपल्यांइतकी भीती मला दुसऱ्या कशाची वाटली नाही, आणि इतका अभिमानही नंतर कशाचा वाटला नाही.

बातमी धुळ्याला पोचली. चौकशीला मोठे अधिकारी येणार असं कळलं. आदल्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावलं. शांतपणे म्हणाले, "कागद बाहेर गेला तो दोनच तऱ्हांनी जाऊ शकतो. तुम्ही दिला असेल तर निलंबन, आणि पाहणीच्या सह्याही तुमच्याच. चोरीला गेला असेल तर गोष्ट वेगळी. म्हातारा इथे दर सोमवारी बसायचाच."

मी रात्रभर जागा होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला झोप लागली. ठरवून टाकल्यावर लागते.

शाळेच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं. मैदानात दोनेकशे माणसं. अधिकारी सज्जन दिसत होते. त्यांनी आधी यादी कुठून आली तेच विचारलं. मी उभा राहिलो.

"माझ्या बॅगेतून गेली असावी साहेब. एका सोमवारी बॅग कार्यालयात ठेवून मी मोजणीला बाहेर गेलो होतो. नाना एकटेच बसलेले होते."

पंधरा गावांच्या नोटा ज्या हातातून गेल्या होत्या, त्या हाताबद्दल मी हे बोललो होतो.

अधिकारी नानांकडे वळले. "कागद तुम्ही घेतलात?"

नाना उठले. त्या दिवशी मूठ हनुवटीपाशी गेली नाही. दोन्ही हात सरळ खाली होते.

"कागद मनाजवय व्हता. मी वाची दिधा, बठ्ठासनी आयकी लिधा. माले काय करनं ते करा. पन पहिले या लोकेसले इचारा, त्यासले काय भेटनं."

बस, एवढंच. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला समजावतो.

अधिकाऱ्यांनी नानांचं ऐकलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. यादी तिथेच काढायला लावली आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं. माणूस उभा राहायचा, डोकं हलवायचा, बसायचा. ऊन डोक्यावर आलं तरी ते चाललं होतं. साहेबांची पुढे बदली झाली, चेअरमनची खुर्ची गेली. दिवाळीच्या आत पाड्यांवर टाक्या उभ्या राहिल्या. मला ताकीद मिळाली, आणि या वेळी टेप घेऊन मी प्रत्येक टाकी स्वतः मोजली. त्या वर्षापासून आमच्या त्या गावात अनुदानाची यादी ग्रामसभेत वाचायची प्रथा पडली. ग्रामसेवक पुटपुटत वाचू लागला तर मागून लोक सांगायचे, "भाऊसाहेब, नानासारखं वाचा." पुढे माहितीचा कायदा आला तेव्हा शहरातल्या लोकांना त्याचं अप्रूप वाटलं. त्या गावाला वाटलं नसणार.

नानांचं काय झालं, तेही सांगतो. सरकारी कागद चोरल्याची तक्रार झाली. दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं, समज देऊन सोडलं. ते त्यांनी हसत काढलं. परतल्यावर गल्लीत सांगितलं म्हणे, "पोलिसेसकडतीन नानाले दोन दिन, चहासकट." पण पुढच्या लग्नसराईला लोक आले ते वेगळ्या तोंडाने आले. यादी वाचली ते बरं केलं असंच सगळे म्हणत. तरी पण दुसऱ्याच्या बॅगेत हात घालणारा माणूस नोटांच्या ताटाशी कसा बसवायचा? कुणी अपमान केला नाही. म्हणाले, "नाना, औंदा पोऱ्या पुकारी. तुम्ही आराम करा." एका घराने म्हटलं, मग दुसऱ्याने. नाना लग्नाला जात राहिले. आपले अकरा रुपये त्या पोऱ्याच्या हातात देत, आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकत, आणि पंगतीला बसत. त्यानंतर माईक त्यांच्या हातात कधीच आला नाही.

पुढच्या वर्षी माझी जळगावला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो. नाना उकिरड्यावर माती लिंपत होते.

"बदली व्हयनी म्हने. कोनाकडतीन?"

त्यांनी सहज विचारलं, जसं ते कोणालाही विचारत. ज्या साहेबांनी ती मंजुरीला पाठवली होती त्यांचं नाव नानांपुढे घेणं मला जमलं नाही. मी म्हणालो, "नाना, त्या दिवशी तुम्ही सांगू शकत होतात."

"तुम्ही गुप्त म्हनात ना." ते लिंपतच होते. "पुकारनारनं तोंड उघडं जोयजे, पन पोट बंद जोयजे."

तिथेच मी पाय धरायला हवे होते. मी म्हणालो, गाडीची वेळ झाली.

त्यानंतर चार वर्षांनी कुणाकडून तरी कळलं की नानांना जळगावला इस्पितळात आणलंय. मी त्या वेळी मेहरूणमध्येच राहत होतो, चालत जाण्याच्या अंतरावर. काय बोलायचं ते जिना चढेपर्यंत तीनदा मनात म्हटलं. नाना औषधाच्या गुंगीत होते, आणि ते त्यातून बाहेर आलेच नाहीत, दोन दिवसांनी गेले. बाहेर बाकावर त्यांचा मुलगा होता. बोदवडला शाळेत शिक्षक, बापासारखाच उंच, पण हळू बोलणारा. त्याने मला ओळखलं, उठून जागा दिली, खालून दोन चहा आणले. मला वाटलं, नानांना ऐकू जात नाही, तर निदान याला सांगावं. बापाच्या हाताला लागलेला डाग याच्यासुद्धा अंगावर पडला होता. मी कप खाली ठेवला.

तेवढ्यात तोच म्हणाला, "भाऊसाहेब, बऱ्याच वर्षांपासून तुम्हाला भेटायचं होतं. आमच्या नानांनी तुमच्या बॅगेतून कागद काढला, तुमच्या नोकरीवर आलं. मी त्यांना कितीदा विचारलं, का केलं. ते काही बोलायचे नाहीत. त्यांच्या वतीने मी माफी मागतो."

त्याने हात जोडले होते. डोळे भरलेले होते. वॉर्डाचं दार उघडं होतं.

मी त्याचे जोडलेले हात माझ्या हातात घेतले आणि म्हणालो, "जाऊ द्या गुरुजी. जुनी गोष्ट आहे. मी कधीच मनात ठेवलं नाही."